उशाशी बसायचं काम

भूल देणाऱ्या डॉक्टरचं दुःख कुणाला सांगून पटत नाही. ऑपरेशन नीट झालं की नातेवाईक सर्जनचे हात हातात घेतात, पेढ्यांचा पुडा सर्जनच्या केबिनमध्ये जातो, आणि मी समोरून गेलो तर विचारतात, "अहो, इथे टॉयलेट कुठे आहे?" मिरजेला शिकत होतो तेव्हापासून हे असंच चालू आहे. माझ्या सख्ख्या मामाने तर एका लग्नात भर पंगतीत विचारलं होतं, "एकदा ते इंजेक्शन टोचलंस की पुढे तू जातोस कुठे? कँटीनला?"

मी भडकलो. म्हटलं, "मामा, कुठेही जात नाही. पेशंट जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी असतो. श्वास, नाडी, प्रेशर, सगळं तेवढा वेळ माझ्याकडे."

मामाने जिलबीचा तुकडा तोडला आणि म्हणाला, "म्हणजे नुसतं बसायचं." सगळी पंगत हसली. मीसुद्धा हसल्यासारखं केलं, पण राग काही गेला नाही.

आयर्लंडला आलो तेव्हा वाटलं, इथे तरी लोकांना कळत असेल. कसलं काय! ट्रलीला ज्या घरात आम्ही भाड्याने राहिलो त्या घराच्या मालकाने चहा पिता पिता पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न विचारला. फक्त कँटीनच्या जागी त्याने गोल्फ कोर्स म्हटलं. बायको किचनमध्ये प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडून कप शोधत होती, ती तिथूनच फिस्सकन हसली. हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की हाच प्रश्न मला एकदा एका न्हाव्याने विचारला, आणि त्या दिवसापासून मी त्या प्रश्नावर चिडायचं बंद केलं.

ही गोष्ट २०११ आणि १२ मधली. ट्रली म्हणजे केरी काउंटीचं मुख्य गाव. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करत होतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक केशकर्तनालय होतं. दोनच खुर्च्या. एका खुर्चीमागे मालक, साठी ओलांडलेला केरीचा माणूस, त्याला गिऱ्हाइकाच्या केसांपेक्षा गिऱ्हाइकाच्या बातम्यांमध्ये जास्त रस. दुसऱ्या खुर्चीमागे विशी ओलांडलेला एक तरुण, पश्चिम आफ्रिकेतून आलेला. आधी काही वर्षं तो निर्वासितांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात होता. तिथे तेव्हा कामधंदा करायची परवानगी नसायची. मग त्याला राहायचे कागद मिळाले आणि त्याच महिन्यात हे काम मिळालं. बोलायचा तो अस्सल केरीच्या हेलात, डोळे मिटून ऐकलं तर शेजारच्या खेड्यातला वाटेल असा.

मला केस कापून घेण्याबाबत जरा खोड आहे. इथे सगळे मशीन फिरवतात, दहा मिनिटांत डोकं भादरून मोकळे. मला कात्री लागते. "उरलेत किती, आणि तमाशा केवढा!" असं बायको म्हणायची आणि ते खरंही होतं. पण हा पोरगा माझे उरलेसुरले केस कात्रीने, शांतपणे, एकेक बट उचलून कापायचा. त्याची एक पद्धत होती. मानेकडचे केस कापायला मागे जाण्याआधी तो आरशात माझ्याकडे बघायचा, खांद्यावर दोन बोटं टेकवायचा आणि म्हणायचा, "आता मी मागे येतोय हं, डॉक." प्रत्येक वेळी. मला ती गंमत वाटायची. मी एकदा म्हटलंही, "अरे, मागे नाही जाणार तर काय छतावर जाणार?" तो हसला, पण पुढच्या वेळीही तेच म्हणाला.

त्या हिवाळ्यात त्याच्या हातातून कंगवा पडायला लागला. एकदा पडला, मी लक्ष दिलं नाही. पुढच्या खेपेला दोनदा पडला. मी आरशात त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. मी अंगावरचं कापड बाजूला करून त्याचा हातच धरला. काउंटरवरचं एक कागदी बिल त्याच्या बोटांत दिलं आणि म्हटलं, "घट्ट धर, मी ओढतो." कागद लोण्यातून सुरी यावी तसा निघून आला.

"कधीपासून?"

"थंडी आहे ना, डॉक."

"थंडीने बोटं वाकडी होत नाहीत. कधीपासून?"

त्याने बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला जुन्या जखमेचा मोठा, चुरगळलेला व्रण होता. "हे लहानपणीचं," एवढंच तो म्हणाला. मी त्याला नको तेवढं झापलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. व्रणाच्या खाली धातूचा एक तुकडा होता आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षं साठलेल्या कडक गाठीत बोटं हलवणारी नस आवळली जात होती. आमचा सर्जन शांत माणूस, उगाच घाबरवणारा नाही. तो म्हणाला, आत्ता सोडवली तर हात वाचेल, आणखी वर्षभर थांबलो तर त्या हाताने कात्री धरणं विसरायचं.

कात्रीशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शाळा धड झालेली नव्हती, मागे घर नव्हतं. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचे गुडघे गेले होते आणि पुढच्या वर्षी तो दुकान याच्या हवाली करणार होता, हे त्याने सगळ्या ट्रलीला सांगून ठेवलं होतं. म्हणजे सगळा डोलारा त्या दोन बोटांवर उभा होता.

ऑपरेशनच्या आधी पेशंट आमच्याकडे येतो. त्या दिवशी यादीत तो होता, मला बरं वाटलं. "आज खुर्चीत तू," मी म्हटलं. तो हसला. मग मी माझी टेप लावली. इतक्या वर्षांत ती पाठ झालेली आहे. छोटीशी सुई टोचेल, हात जरा गार पडेल, मग छान झोप. "आणि अजिबात घाबरू नकोस. जागा होशील तेव्हा सगळं संपलेलं असेल. तुला काही म्हणजे काही आठवणार नाही."

त्याचा चेहरा बदलला. तो उठून उभा राहिला. "मग नको, डॉक," म्हणाला. "सॉरी." आणि दार अगदी हळू लावून निघून गेला.

जे वाक्य ऐकून म्हाताऱ्या बायका माझा हात दाबून "गॉड ब्लेस यू" म्हणतात, त्या वाक्यावर हा उठून गेला? माझा पारा चढला. सर्जनला सांगितलं तर तो म्हणाला, "युवर मॅनला, तुझ्या त्या पोराला, फक्त हात बधिर करून चालेल का, विचार." पण मग त्यालाच आठवलं. नस सोडवताना तो तिला बारीक विजेचा झटका देऊन बघणार होता, बोट हलतं का ते. हात बधिर केला तर नस गप्प बसणार, काहीच कळणार नाही. शिवाय काम तासन् तासांचं, सूक्ष्मदर्शकाखालचं, शेजारी मोठी रक्तवाहिनी. पेशंट जरा जरी दचकला तरी संपलं. पूर्ण भूलच हवी होती. "पुढच्या आठवड्यापर्यंत त्याची जागा धरून ठेवतो," सर्जन म्हणाला. "नंतर दुसऱ्याला द्यावी लागेल."

दोन दिवसांनी मी दुपारी दुकानात गेलो. केस कापण्यासारखे नव्हतेच. मालक जेवायला गेला होता, दुकान रिकामं होतं. मी काही बोलायच्या आत त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली, मी बसलो, त्याने गळ्याभोवती कापड बांधलं. आरशात बघून बोलणं त्याला सोपं जात असावं. कात्री त्याने डाव्या हातात घेतली होती आणि उजव्याने नुसता आधार देत होता.

"मी नऊ-दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "गावात ते लोक आले. मोठ्यांचं काय झालं ते सांगत नाही. आम्हा पोरांना घेऊन गेले. बंदूक दिली. सकाळी निघायच्या आधी एक माणूस आम्हाला ओळीत बसवायचा आणि इथे ब्लेडने चिरायचा." त्याने कानशिलाला हात लावला. तिथली ती बारीक रेघ मी कित्येकदा बघितली होती आणि दाढीचा काप समजलो होतो. "त्यात नशेची पावडर भरायचा, वरून पट्टी. मग सकाळ मला आठवायची, आणि नंतर एकदम नदी आठवायची. मी नदीवर हात धूत असायचो. मधलं काहीच नाही."

त्याने कंगवा परत माझ्या केसांत घातला.

"मधलं लोक सांगायचे. एक म्हणायचा, शाबास, तू मागे हटला नाहीस. दुसरा काही वेगळंच सांगायचा. कुणी हसत सांगायचं. डॉक, मला आठवत नाही, त्यामुळे त्यातलं काहीच खोटं आहे असं मला म्हणता येत नाही." कात्री थांबली. "आणि तुम्ही म्हणालात, तुला काही आठवणार नाही. तुम्ही ते चांगलं म्हणून सांगितलंत."

तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं इतक्या माणसांना दिलासा म्हणून दिलेलं वाक्य, आणि या एका माणसाला ते धमकीसारखं ऐकू गेलं होतं. भूल देणाऱ्याखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणारच नाही. आम्हाला विसरणं ही आमची सगळ्यात मोठी सेवा वाटते.

मी माफी मागायला लागलो तर त्याने हात हलवून ते उडवून लावलं. मग त्याने युद्ध संपल्यानंतरचं सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज मोकळा झाला. सुटलेल्या पोरांना एका केंद्रात ठेवलं होतं. जेवण, शाळा, आणि प्रत्येकाला एक काम शिकायचं. सुतारकाम घेणारे खूप होते. केस कापायचं शिकवणाऱ्या मास्तरकडे मात्र कुणी जाईना, कारण शिकायचं तर एकमेकांचेच केस कापायचे, आणि त्यातल्या एकालाही पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालायचं नाही. जेवायलासुद्धा ते भिंतीला पाठ लावून बसायचे.

"मग?"

"मग मास्तर स्वतः बसला. एका मुलाच्या हातात वस्तरा दिला, मान पुढे केली आणि म्हणाला, कर. त्या मुलाचा हात इतका कापत होता की मास्तरच्या मानेवर दोन ठिकाणी रक्त आलं. मास्तर हलला नाही. त्यानंतर नियम ठरला. मागे जायच्या आधी खांद्याला हात लावून सांगायचं. सांगितल्याशिवाय कुणी कुणाच्या मागे जायचं नाही." तो किंचित हसला. "महिनाभरात आम्ही सगळे टकले झालो होतो. कुणाच्याच डोक्यावर कापायला काही उरलं नव्हतं."

मीही हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी काही केलं नाही, कापडाखाली हात अडकले होते.

तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला. "तुम्ही ते इंजेक्शन देता. मग तुम्ही जाता कुठे?"

सवयीने मला राग यायला लागला. मामा, पंगत, घरमालकाचा गोल्फ कोर्स, सगळं एकदम घशाशी आलं. पण आरशात त्याचं तोंड बघितलं आणि कळलं, की हा माणूस थट्टा करत नाहीये. आजवर हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी यालाच उत्तर खरोखर हवं होतं.

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"कुठेच नाही म्हणजे?"

"तुझ्या डोक्याशी बसतो. तू जागा होऊन माझ्याशी बोलेपर्यंत."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. माझं कामच ते आहे."

"आणि बाथरूमला?"

"दुसरा भूलवाला माझ्या स्टुलावर येऊन बसल्याशिवाय उठता येत नाही. आणि त्या दिवशी मी उठणार नाही. सकाळपासून पाणी कमी पिईन."

तो बराच वेळ माझ्या कानामागचे नसलेले केस कापत राहिला. मग म्हणाला, "जो पावडर भरायचा, तो कधीच यायचा नाही आमच्याबरोबर. तो मागे सावलीत बसून राहायचा."

मी त्याला सगळं खरं सांगायचं ठरवलं, कारण अर्धवट सांगून चालणार नव्हतं. मी म्हटलं, भूल उतरताना काही तरुण माणसं हातपाय झाडतात, ओरडतात. युद्ध बघितलेल्या माणसांत ते जास्त होतं. तुलाही होऊ शकेल. होऊ नये म्हणून औषध देईन, हळूहळू उठवीन, खोलीत दिवे मंद ठेवीन. तुला कुणी दाबून धरणार नाही. टेबल अरुंद असतं, म्हणून तू झोपल्यावर मांडीवरून एक पट्टा लावतात, तो उठायच्या आधी काढीन.

"आणि मी कुणाला मारलं तर?"

"तर लांब उभे राहू. आम्हाला पळता येतं."

"मला सांगाल? जे काही मी केलं असेल ते? चांगलं, वाईट, सगळं?"

"सगळं सांगेन."

"गोड करून नाही?"

"मला गोड बोलता येत नाही, माझ्या बायकोला विचार."

त्याने गळ्याचं कापड झटकलं. जमिनीवर केस जवळजवळ पडलेच नव्हते. "ओके," तो म्हणाला. "सर्जनला सांगा, मी येतो."

घरी आलो तर बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काय, परत कटिंग? आता काय ब्रशने पॉलिश करून आलास?" मी तिला सगळं सांगितलं. तिने मी केलेल्या चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "तू टेन्शन घेतलंयस ना?" मी नाही म्हटलं. "अरे, तू चहात मीठ घातलंयस," ती म्हणाली. खरंच घातलं होतं. मला भीती वाटत होती. वचन देताना मी मोठ्या तोऱ्यात होतो, पण तो उठताना खरंच कुणाला लागलं असतं, एखाद्या नर्सला, तर ते मला त्याच्या तोंडावर सांगावं लागणार होतं. आणि ते ऐकल्यावर तो त्या खुर्चीमागे परत उभा राहिला असता का, याची मला खात्री नव्हती.

ऑपरेशननंतर पेशंट ज्या खोलीत शुद्धीवर येतो तिथली मुख्य नर्स होती केरीच्या शेतकरी घरातली, माझ्या आईच्या वयाची, दणकट. तिची नेहमीची पद्धत म्हणजे पेशंटचा दंड धरून गदागदा हलवायचं आणि कानाशी मोठ्याने नाव घ्यायचं. मी तिला आदल्या दिवशी गाठून सांगितलं, याला हात लावायचा नाही, मोठ्याने हाक मारायची नाही, हात उचललाच तर धरायचा नाही, मागे सरकायचं. कारण तेवढं सांगितलं जेवढं तो मला सांगा म्हणाला होता.

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "पोरगा तो," ती म्हणाली. "देवा! बरं, डॉक्टर, मी घरभर मुलगे वाढवलेत, झोपलेलं पोरगं कसं उठवायचं ते मला सांगू नका. ही विल बी ग्रँड, काही होत नाही त्याला." मग दोन पावलं जाऊन परत आली आणि विचारलं, "पडदा ओढून घेऊ का, की दार दिसलं तर त्याला बरं वाटेल?" मला हे सुचलंच नव्हतं. आम्ही पलंग दाराकडे तोंड करून लावायचा ठरवलं.

सकाळी तो आला तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर आपणहून चढला. सुई लावली. आता मला त्याच्या डोक्याच्या मागे जायचं होतं, कारण भूल देणारा तिथेच उभा राहतो. मी त्याच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. "आता मी मागे येतोय हं," मी म्हटलं.

त्याने मान वर करून मला उलटं बघितलं. मी स्टूल ओढून त्याला दिसेल असा बसलो आणि औषध सुरू केलं. तो माझ्याकडे बघत बघत झोपला.

मी उठलो नाही. मधे एक सहकारी मला कॉफीसाठी सोडवायला आला, ही तिथली रीतच आहे. मी नको म्हटलं. "वेडा आहेस का, आज गरम स्कोन्स आलेत, लोणी-जॅमसकट," तो कुजबुजला. मी त्याला हाताने घालवून दिलं. इतक्या वर्षांत कॉफीला नाही म्हटल्याची माझी ही पहिलीच वेळ असेल.

सर्जनने गाठ सोडवत नेली. धातूचा तुकडा वाटीत पडला, वाटाण्याएवढा. मग त्याने नसेला बारीक झटका दिला. काही नाही. आणखी थोडं सोडवलं, परत झटका दिला, आणि हिरव्या कापडावर ठेवलेल्या त्या काळ्या हाताची करंगळी हलली. सर्जन थांबला. परत दिला, परत हलली, आणि शेजारचं बोटही जरासं हललं. "बघ की, जिवंत आहे," सर्जन म्हणाला आणि मास्कच्या आत शीळ घालायला लागला. त्या बोटांत पूर्ण जोर यायला पुढे वर्षभर गेलं, रबराचा चेंडू दाबून दाबून तो कंटाळला, आणि दुकान ठरल्याप्रमाणे त्याच्या हवाली झालं, हे आज मला माहीत आहे. त्या क्षणी फक्त दोन बोटं हललेली दिसली होती, आणि ज्याची ती बोटं होती तो माझ्यासमोर गाढ झोपलेला होता.

टेबलावरच पट्टा काढला, मग त्याला शुद्धीवर आणायच्या खोलीत नेलं, दिवे मंद केले. घशातली नळी काढली. पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे तो घोरायला लागला, आणि साधंसुधं नाही, पलीकडच्या पलंगावरची आजीबाई "कोण ते?" म्हणून विचारू लागली. नर्स पायाशी उभी, हात पाठीमागे बांधून. मी उशाशी बसलेलो.

मग घोरणं थांबलं. श्वास जोरात व्हायला लागला. मॉनिटरवर नाडी चढत गेली. त्याचा डावा हात एकदम वर उठला, मूठ वळलेली. नर्स ठरल्याप्रमाणे मागे सरकली. तो हात हवेत तसाच थांबला, डोकं इकडेतिकडे हललं, मग मूठ उघडली, आणि त्याने नाक खाजवलं. चांगलं समाधान होईपर्यंत खाजवलं. हात खाली आला.

माझा जीव भांड्यात पडला. नर्सने भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्याने डोळे उघडले. आधी दार बघितलं, मग मला. "डॉक," म्हणाला. "मी काय केलं?"

"घोरलास."

"अजून?"

"हात वर केलास, आम्ही घाबरलो, आणि तू नाक खाजवलंस. कुणाला लागलं नाही."

"अजून?"

"ऑपरेशन चालू असताना तुझी करंगळी हलली. सर्जनने नसेला विचारलं, नस आहे म्हणाली."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. "डॉक, मी काय केलं?"

भूल उतरताना माणसं एकच प्रश्न परत परत विचारतात, उत्तर ऐकतात आणि विसरतात. एरवी मला याचा इतका कंटाळा येतो की मी नर्सवर सोपवून चहाला जातो. त्या दिवशी मी परत सांगितलं. घोरलास, नाक खाजवलंस, कुणाला लागलं नाही, करंगळी हलली. त्याने परत विचारलं, मी परत सांगितलं. पुढे पुढे नर्सच सांगायला लागली आणि तिने घोरण्याची नक्कल करून दाखवली, तेव्हा पलीकडची आजीबाई म्हणाली, अगदी असंच, असंच. मला वाटतं, सांगणाऱ्यांमध्ये तीन वेगवेगळी माणसं असून सगळ्यांची गोष्ट एकच आहे, हे त्याला कुठेतरी जाणवत असावं. पण ते आपलं माझं वाटणं झालं.

मग त्याने परत डोळे उघडले. मी वाट बघत होतो, प्रश्न येईल, उत्तर तयार होतं. त्याने बँडेजमध्ये गुंडाळलेल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"करंगळी हलली," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"आणि माझ्या हातून कुणाला लागलं नाही."

"नाही."

"तुम्ही सांगितलंत, हे मला आठवतंय," तो म्हणाला. मग तो रडला, तोंड न लपवता, आणि नर्सने मला विचारून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रडणं संपल्यावर तिने विचारलं, चहा आणि टोस्ट आणू का. तो म्हणाला, आणा, आणि डॉकलाही द्या, सकाळपासून ते इथेच बसलेत.